पानगळ जागच्या जागी

भूपेंद्र गुल्हाने काश्मीरहून परत आले त्याला चार महिने होऊन गेले होते, पण काश्मीर काही गुल्हान्यांमधून जायला तयार नव्हतं. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक कुकर बघायला आलं की आधी त्याला मोबाइलवर चिनार बघावा लागे. लाल चिनार, पिवळा चिनार, चिनाराखाली गुल्हाने, गुल्हान्यांच्या डोक्यावर चिनाराचं पान, आणि सगळ्यात शेवटी काश्मिरी झगे घालून, हुक्क्याची नळी हातात धरून बसलेले सपत्नीक गुल्हाने. गिऱ्हाइकाला एवढं सोसल्यावर निदान कुकर तरी मिळे. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेत त्यांच्या समोरच्या घरात राहणाऱ्या अश्वजित थुलांना काहीही खरेदी न करता हे रोज बघावं लागे.

थूल म्हणजे गरीब स्वभावाचा माणूस. एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ सहायक. आलेल्या माणसाला शांतपणे शेजारच्या टेबलाकडे पाठवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती आणि त्यात त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. पण फाल्गुनातल्या एका संध्याकाळी गल्लीत खुर्च्या टाकून मंडळी बसली असताना गुल्हान्यांनी एकशे कितव्यांदा तरी तो चिनार काढला आणि वर म्हणाले, "आपल्या वर्धेत दोनच मोसम, थूल साहेब. उन्हाळा आन् मोठा उन्हाळा. इथलं पान वाळते, गळते, खतम. त्याले रंग काय असते हे मालूमच नाई."

आता वर्ध्याच्या उन्हाला वर्धेकरानं नावं ठेवली तर चालतं. पण काश्मीरकडे तोंड करून ठेवली की लागतं. थूल म्हणाले, "सेलूच्या पलीकडच्या टेकड्या पाह्यल्या काय कधी फाल्गुनात? कुसुंबाचं झाड असं लाल होते की आग लागली वाटते. खाली धावड्याच्या पानाचा सडा, तांब्याच्या रंगाचा. तुमचा चिनार पाणी भरन त्याच्यापुढं."

गल्लीनं गुल्हान्यांकडे पाहिलं. गुल्हान्यांनी एकच विचारलं, "फोटो हाय काय?"

आजकाल ज्याचा फोटो नाही ते घडलेलंच नसतं. थुलांकडे फोटो नव्हता. त्यांनी ते झाड पाहिलं होतं ते कितीतरी वर्षांपूर्वी, निवडणुकीच्या ड्यूटीवर, एसटीच्या खिडकीतून. मांडीवर मतदान यंत्राची पेटी होती. पेटी सोडून उतरणं हा गुन्हा होता, म्हणून ते बसल्या जागी मान वळवून वळवून ते झाड दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले होते. त्यानंतर मान आखडली होती एवढाच पुरावा, आणि तोही आता बरा झाला होता.

"मंग लावा शर्त," गुल्हाने म्हणाले. "या महिन्यात तसा फोटो आणला तं पुढच्या सालच्या आपल्या दुकानाच्या कॅलेंडरवर तोच छापतो. आख्ख्या वर्धेच्या घराघरात लागन. नाई आणला तं आमचा हुक्क्यावाला फोटो मोठा करतो, सोनेरी फ्रेम लावतो, आन् तुमच्या हॉलमध्ये टांगतो. कायमचा."

साक्षीदार म्हणून नानाजींनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. नानाजी पवनारच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. शाळा सुटली तरी श्रमदान सुटलं नव्हतं. दर रविवारी सकाळी ते खराटा घेऊन गल्ली झाडायला निघत, आणि म्हातारा माणूस वाकून झाडतो आहे हे न बघवून मागोमाग सगळी गल्ली झाडू लागे. चार माणसं एका जागी जमली की नानाजींना त्यांच्या हातात खराटा दिसायला लागे. ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

घरी सुलोचनाबाईंनी बातमी ऐकली आणि भिंतीकडे पाहिलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांचा स्वभाव मुळातच पूर्वतयारीचा.

"टीव्हीच्या वर नको," त्या म्हणाल्या. "जेवताना हुक्का दिसन. दाराच्या मागं लावू."

"म्हंजे मी हरन असं धरूनच चाललीस तू?"

"तसं नाई वो. पण तुमी नक्की कुसुंबच पाह्यला होता ना? गुलमोहर नसन?"

हे थुलांना फार लागलं. जगानं विश्वास ठेवला नाही तर माणूस घरी येतो. घरानं नाही ठेवला तर त्यानं जायचं कुठे? त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ नसल्याचंही कळलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आंघोळ करताना त्यांच्या स्वतःच्याच मनात आलं, खरंच गुलमोहर नव्हता ना? त्या क्षणी त्यांनी ठरवलं की आता भिंतीसाठी नाही, आपल्या डोळ्यांच्या अब्रूसाठी हा फोटो काढायचा.

फोटो म्हणजे मोबाइलवर काढला की झालं, असं त्यांना वाटत होतं. पण गुल्हान्यांनी अट घातली की कॅलेंडर मोठं असतं, मोबाइलचा फोटो छापताना फाटतो, तेव्हा कॅमेरा मोठा पाहिजे. मोठा कॅमेरा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओवाल्या प्रफुलकडे होता. प्रफुल लग्नांचे फोटो काढी. लग्नसराईत नवा कॅमेरा तो देऊ शकत नव्हता, म्हणून त्यानं जुना काढून दिला.

"एकच बारीकशी अडचण हाय, साहेब," तो म्हणाला. "याच्यात हसऱ्या चेहऱ्याची सोय हाय. समोरचा माणूस हसला की तो आपोआप फोटो काढते. ते बटन अडकून गेलं. म्हणून हसरं तोंड दिसल्याबिगर तो फोटोच काढत नाई."

"मले झाडाचा काढायचा हाय."

"मंग झाडाजवळ कोणाले तरी हसवा. माह्या पाह्यण्यात सोपं काम हाय. मी तं बिदाईच्या टायमाले नवरीले हसवतो."

थुलांनी विचार केला की सुलोचनेला कोपऱ्यात उभं करू आणि नंतर कोपरा कापून टाकू. नवऱ्यांना असे विचार सुचतात आणि ते बोलून दाखवायचे नसतात एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

मग परवानगी. टेकड्या पडल्या जंगलात, आणि जंगल पडलं सरकारात. थूल स्वतः सरकारी माणूस, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज लिहिला: विषय, पानगळीचे छायाचित्र काढणेबाबत. वनखात्याच्या एका कार्यालयात खिडकीतल्या माणसानं तो दोनदा वाचला.

"पानं म्हंजे बिडीचा तेंदूपत्ता. ते त्या टेबलवर."

त्या टेबलावरचा म्हणाला, "तेंदू नाई ना हे. हे चित्रीकरण झालं. चित्रीकरण तिकडं."

तिकडचा म्हणाला, "चित्रीकरणात पिक्चर असते, नाई तं लग्नाच्या आधीचं शूटिंग असते. तुमच्यातलं काय हाय?"

"काहीच नाई. नुसतीच पानं."

"मंग पानाच्या टेबलवर जा ना साहेब."

थूल टेबलाटेबलांमधल्या बाकावर टेकले. आजवर त्यांनी कितीतरी माणसांना याच आवाजात, इतक्याच नम्रपणे पुढे पाठवलं होतं. त्यातली काही माणसं चहा पिऊन परत येत, काही येतच नसत. न येणाऱ्यांचं पुढे काय होत असेल, हा प्रश्न त्यांना त्या बाकावर पहिल्यांदाच पडला. शेवटी एका मोठ्या साहेबांना दया आली आणि त्यांनी परवानगीच्या कागदावर स्वतः मजकूर सांगितला: अर्जदारास पाने पाहण्यास व त्यांचे छायाचित्र घेण्यास हरकत नाही, मात्र पाने तोडू नयेत, नेऊ नयेत, पेटवू नयेत व जागेवरून हलवू नयेत. थुलांनी मजकूर वाचला आणि त्यांना तो आवडला. पानं हलवायची कोणाला पडली आहे, असं ते मनात म्हणाले.

त्यांचा बेत साधा होता. रविवारी सकाळी स्कूटर काढायची, सुलोचनेला मागे बसवायचं, फोटो काढायचा, दुपारच्या जेवणाला घरी. शनिवारी संध्याकाळी नानाजी म्हणाले, "दोघंच नका जाऊ. तिकडं वाघ हाय." वाघाला दोघांपेक्षा तिघं जास्त परवडतील हे त्यांच्या लक्षात आलं नाही, ते स्वतः यायला तयार झाले. गुल्हाने म्हणाले, "मी तं येईनच. नाई तं नेटवरून कोणाचातरी फोटो उचलसान आन् सेलूचा म्हणून दाखवसान." आणि गुल्हाने निघालेले पाहून त्यांच्या आई, अनुसयाबाई, ओट्यावरून म्हणाल्या, "टेकडीवर चालले आन् रोडगे नाई?"

इथे सगळं संपलं. विदर्भात माणूस एकवेळ पाण्याशिवाय टेकडीवर जाईल, रोडग्यांशिवाय नाही. कणकेचे गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. हे चौघांसाठी होत नाही. अनुसयाबाईंचा हात शंभराच्या खाली कधी गेलाच नव्हता. त्यांनी कणीक भिजवायचं प्रमाण सांगितलं आणि त्या प्रमाणाला पुरतील एवढी माणसं गोळा करणं भाग पडलं. रविवारी सकाळी थूल कॅमेरा गळ्यात घालून बाहेर आले तेव्हा गल्लीत एक टेम्पो उभा होता. त्यात गुल्हान्यांच्या दुकानातली मोठाली पातेली, म्हणजे गंज, वांग्यांचं पोतं, गोवऱ्यांची रास, सतरंज्या, आणि अख्खी गल्ली.

"फोटोले इतके लोक कायले?" थुलांनी विचारलं.

"बाप्पा, फोटोले कोण चाललं?" अनुसयाबाई म्हणाल्या. "तुमी काढा तुमचा फोटो. आमाले त्रास नाई त्याचा."

सेलू ओलांडून, टेकड्यांच्या पायथ्याशी, जंगलाच्या नाक्यावर टेम्पो अडला. नाक्यावर नीलेश नावाचा वनरक्षक होता. त्यानं परवानगीचा कागद वाचला, मग टेम्पोकडे पाहिलं, मग पुन्हा कागद वाचला.

"याच्यात लिहून हाय, पेटवू नये. आन् तुमी गोवऱ्या घेऊन चालले?"

"रोडग्याच्या हायेत वो त्या," गुल्हाने म्हणाले.

"साहेब, वणव्याचे दिवस हायेत. आगपेटीबी आत जात नाई."

तडजोड अशी झाली की गोवऱ्या, गंज आणि अनुसयाबाई नाक्याच्या अलीकडे, गहू काढून मोकळ्या झालेल्या वावरात राहतील. तिथे वावरवाल्याची ना नव्हती. बाकी सगळे पायी आत जातील. भाजून झालं की नीलेश निरोप देईल. नीलेशनं हे कसं मान्य केलं ते त्याचं त्यालाच माहीत, पण अनुसयाबाईंनी त्याला विचारलं होतं की बाबू, तू सकाळपासून काय खाल्लं, आणि त्यावर त्याची नजर वांग्यांच्या पोत्याकडे गेली होती.

वाट चढत होती. दोन्हीकडे साग उघडे पडलेले, मोहाची टपोरी फुलं खाली पडून वास सुटलेला. थूल पुढे होते. प्रत्येक वळणावर ते मान उंचावत आणि प्रत्येक वळणापुढे नुसते वाळके साग दिसत. मागून गुल्हाने मोठ्यानं विचारत, "आलं काय वो काश्मीर?" लोक हसत. थुलांचे कान लाल होत, आणि त्या टेकडीवर तेवढीच काय ती लाली होती.

मग वाट नाल्याच्या अंगाला वळली आणि अगदी तसंच झाड समोर आलं.

थूल थांबले, म्हणून मागचे थांबले. नाल्याच्या काठी एकटा कुसुंब उभा होता, खोडापासून शेंड्यापर्यंत लाल. विटेचा लाल नव्हे, कुंकवाचा नव्हे; ऊन आरपार जात होतं, त्यामुळे पानं आतून पेटल्यासारखी दिसत होती. खाली आसपासच्या धावड्यांनी तांबूस पानांचा जाड सडा घातला होता. वारा आला की वरची लाल पानं चमकत आणि खालची तांबूस सरकत. थुलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते झाडाकडे बघत नव्हते, सुलोचनेकडे बघत होते.

"खरंच हाय वो," सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या. "मी उगाच म्हटलं गुलमोहर."

एवढ्यावर थूल परत गेले असते तरी त्यांची हरकत नव्हती. पण नानाजींनी चष्मा पुसून मुद्दा काढला. "थूल, हे तर नवीन पान हाय. कुसुंबाची पालवी लाल येते. याले पानगळ नाई म्हणता येत."

"खाली हाय ते गळलेलंच हाय ना, नानाजी? वरतं पालवी, खालतं पानगळ. तिकडचं पान मरताना लाल होते. आपलं जन्मतानाच होते."

"असन," गुल्हाने म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदललेला होता, पण व्यापारी माणूस भाव लगेच सांगत नाही. "फोटो निघू द्या आधी."

थुलांनी सुलोचनेला झाडाशेजारी उभं केलं आणि हसायला सांगितलं. सुलोचनाबाईंना शाळेतल्या वार्षिक फोटोत न हसण्याची सवय होती. त्या हसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हजेरी घेतल्याचा भाव आला. कॅमेऱ्यानं तो हसरा धरला नाही. थुलांनी विनोद सांगितला. तो पूर्वी एकदा सांगून झालेला होता. नानाजींना उभं केलं, तर ते हसताना दातांच्या कवळीला जपत. शेवटी थूल म्हणाले की उन्हाची तिरीप बदलली, आपण नाल्याच्या पलीकडून कोन बघून येतो. ते आणि सुलोचनाबाई नाला उतरून पलीकडच्या चढावर गेले.

कोन छान मिळाला. तिथून झाड पूर्ण दिसत होतं, मागे टेकडीची निळी धार होती. थुलांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांना वाटलं की भिंग खराब झालं. झाडाखाली तांबूस सडा नव्हता. तिथे स्वच्छ, सारवल्यासारखी माती होती. कडेला पानांचा एक उंच ढीग होता. ढिगाशेजारी नानाजी उभे होते आणि त्यांच्या हातात वाळक्या काटक्यांचा बांधलेला खराटा होता.

झालं होतं ते अगदी साहजिक होतं. भाजलेले रोडगे इथंच आणवायचे आणि जेवायला बसायचं ते याच झाडाखाली, हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. आणि जेवायला बसायचं तर जागा झाडायला नको? नानाजी वाकले. म्हातारा माणूस वाकला म्हणून गल्ली वाकली. सगळ्यात जोमानं वाकले गुल्हाने, कारण त्यांना सतरंजी अंथरायची होती. सवय म्हणून, संस्कार म्हणून, बघता बघता पिपरी मेघेनं ती अख्खी पानगळ झाडून काढली होती.

थूल नाला ओलांडून धावत आले. "हे काय केलं?"

"कचरा किती होता वो इथं," गुल्हाने कौतुकाची अपेक्षा ठेवून म्हणाले. "आता पाहा कशी जागा झाली."

"तो कचरा नव्हता. तो फोटो होता माहा."

इतक्यात वाटेवरून नीलेश आला. "आजी बलावून राह्यल्या. रोडगे झाले," असं म्हणता म्हणता त्याची नजर ढिगावर गेली आणि त्याच्यातला पाहुणा संपून वनरक्षक सुरू झाला. त्यानं परवानगीचा कागद मागितला आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. व जागेवरून हलवू नयेत.

"आता मले पंचनामा करा लागन," तो म्हणाला.

"पानाचा पंचनामा?" नानाजी म्हणाले.

"कागदावर लिहून हाय ना, गुरुजी. उद्या साहेब आले आन् इथं ढीग पाह्यला तं म्हणतीन कोणी पेटवायले रचला. माही नोकरी जाईन."

थुलांना त्याचं म्हणणं पटलं. कागदावर असलेलं त्यांना नेहमीच पटे. त्यांनी विचारलं, "मंग याच्यावर उपाय?"

नीलेशनं डोकं खाजवलं. "होती तशी करून द्या. जागच्या जागी."

वाऱ्याबरोबर वावरातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. नीलेशनं स्पष्ट सांगितलं की पानं जागेवर जाईपर्यंत तो हलणार नाही आणि कुणाला हलू देणार नाही. आणि त्यालाही भूक लागली होती हे दिसत होतं. अशा रीतीनं पिपरी मेघेतली एक गल्ली भर दुपारी, उपाशी पोटी, पानगळ करायला बसली.

पानगळ करणं दिसतं तेवढं सोपं नाही. झाड ते सहज करतं कारण त्याला मत नसतं. नानाजींनी ओळीत पानं मांडायला सुरुवात केली आणि मागच्याला सांगितलं, अंतर सारखं ठेवा. नीलेश म्हणाला, "गुरुजी, जंगलात ओळ नसते." मग बायकांनी काठानं छान गोल किनार काढली आणि मधे फूल करायला घेतलं. नीलेश म्हणाला, रांगोळी नको. मग सगळ्यांनी मुठीमुठीनं नुसतीच टाकली, तर कुठे ढिगारे झाले, कुठे टक्कल पडलं. सुलोचनाबाईंनी शाळेतल्यासारखे गट पाडले. गुल्हाने गुडघ्यावर बसून एक-एक पान उलटंसुलटं करून बघत होते, कारण त्यांना नीलेशनं सांगितलं होतं की गळलेली पानं कधी सगळीच्या सगळी उताणी पडत नाहीत. त्यांच्या दुकानात ताटांची चळत लावायलाही त्यांनी कधी एवढी काळजी घेतली नसेल.

"थूल साहेब," काही वेळानं ते खालूनच म्हणाले, "हे पान पाहा. पुऱ्या तांब्याच्या गंजासारखं हाय. आन् याच्या शिरा पाहा. एकासारखं दुसरं नाई." थोडं थांबून ते म्हणाले, "तिकडं मी पान पाह्यलंच नाई वो. फोटोच काढत होतो."

कोपरानं कॅमेरा सावरत थूलही त्यांच्या शेजारी बसून पानं मांडू लागले.

शेवटी सडा झाला. पहिल्यासारखा नव्हता. जरा जास्तच नीटनेटका होता, जणू जंगलाकडे पाहुणे येणार होते. पण तांबूस होता, आणि नीलेशनं लांबून डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. गुल्हान्यांच्या हातात शेवटची ओंजळ उरली होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. ते झाडाखाली जाऊन उभे राहिले, वर लाल पानांकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोणास ठाऊक, त्या जाड्याभरड्या दुकानदारानं ओंजळ जोरात वर उडवली. त्याच क्षणी नाल्यातून वाऱ्याचा झोत आला. पानं भिरभिरली, डोक्यावर पडली, कॉलरमधून आत गेली, आणि गुल्हाने खदखदून हसले. गुदगुल्या झालेल्या पोरासारखे हसले.

समोर उभ्या असलेल्या थुलांच्या गळ्यातला, चालूच राहिलेला कॅमेरा आपोआप वाजला.

नीलेश म्हणाला, "पुन्हा हलली पानं," पण त्यानं तोंड नाक्याकडे वळवलं होतं. वावरात अनुसयाबाईंनी सगळ्यांना इतका वेळ काय करत होता म्हणून विचारलं. खरं सांगितलं तर त्या म्हणाल्या, थट्टा करू नका बाप्पा, जेवा. पहिला रोडगा त्यांनी नीलेशला वाढला.

फोटो एकच निघाला होता, पण तो असा निघाला की प्रफुलनं तो आपल्या स्टुडिओच्या काचेत लावायला मागितला. गुल्हान्यांनी शब्द पाळला. नव्या सालाच्या कॅलेंडरवर तोच छापला. फक्त छापताना वरच्या अर्ध्या भागावर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव आलं, कोपऱ्यात लक्ष्मी आली, दोन फोन नंबर आले, आणि ठोक व चिल्लर विक्रेते आले. कुसुंबाच्या वाट्याला मधली पट्टी राहिली. मात्र गुल्हाने पूर्ण आले. थुलांनी ते कॅलेंडर मोठ्या अभिमानानं हॉलमध्ये, टीव्हीच्या वर लावलं. सुलोचनाबाई लांबून बराच वेळ बघत राहिल्या.

"शर्त कोण जिंकलं म्हणता वो मंग?" त्यांनी विचारलं. "भूपेंद्रभाऊ तं लागलेच हॉलमध्ये."

थूल खुर्ची आणून कॅलेंडर सरळ करायला लागले.

जानेवारीत एका रविवारी थुलांचे कार्यालयातले साहेब घरी आले. गुल्हाने आधीपासून सोफ्यावर चहा पीत बसलेले होते. साहेबांची नजर भिंतीवर गेली.

"वा," साहेब म्हणाले, "काश्मीर वाटतं?"

थुलांनी श्वास घेतला. निवडणुकीची पेटी, एसटीची खिडकी, टेबलामागून टेबल, सगळं त्यांच्या ओठांवर आलं. पण त्यांच्या आधी गुल्हाने कप खाली ठेवून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान झाल्याचा रंग होता.

"काश्मीर काऊन म्हणता साहेब? सेलूच्या पुढं हाय हे. आपलं हाय. कोणी म्हणते, आपल्याकडं दोनच मोसम. ज्यानं पाह्यलं नाई तो म्हणते. म्या सोता पाह्यलं. त्यातलं एक-एक पान म्या या हातानं ठेवलेलं हाय."

"हातानं?" साहेबांनी थुलांकडे पाहिलं.

गुल्हाने सांगू लागले. कुसुंब, धावडा, पालवी कशी लाल येते, गळलेली पानं सगळीच्या सगळी उताणी कधी पडत नाहीत, सगळं सांगू लागले. त्यात थुलांचं नाव कुठेच येत नव्हतं. साहेब तोंड उघडं ठेवून ऐकत होते. स्वयंपाकघराच्या दारात सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. थूल मधे बोलू शकले असते. पण कधीकाळी आपण एकट्यानं पाहिलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून, इतक्या रागारागानं, खरी ठरताना ऐकायला त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्यांनी चहा बशीत ओतला आणि मुद्दाम हळूहळू प्यायले.